साहेब, धूर आत ओढतोय

आमची गाडी पोचायच्या आत जागेवर दहा साहेब तयार झालेले असतात. "हिकडनं मारा पाणी." "काच फोडा की, बघत काय बसलाय?" "आत जावा, घाबरताय काय?" कोल्हापुरात हे जरा जास्तच. गप्प उभा राहून आग बघणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. तालमीची पोरं बादल्या घेऊन आधीच हजर असतात, कुणीतरी शेजारच्या घरातली गॅसची टाकी उचलून रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलेली असते, आणि आम्ही उतरल्या उतरल्या लोकांना मागं सारायला लागलो की शिव्या बसतात. त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर त्यांचंही चुकत नाही. घर जळतंय आणि हेल्मेट घातलेला एक माणूस पाणी मारायचं सोडून इमारतीभोवती नुसती चक्कर मारतोय.

ती चक्कर मारणारा आता मी असतो. बरीच वर्षं फायरमन म्हणून पाईप धरला, मग तांडेल, म्हणजे फायरमनांचा म्होरक्या झालो, आणि आता वर्दीवर (वर्दी म्हणजे आम्हाला आलेलं मदतीचं बोलावणं) मोठे साहेब येईपर्यंत तरी हुकूम माझा चालतो. ऐकणाऱ्यांतून सांगणाऱ्यांत जाताना डोक्यात बरीच उलथापालथ झाली. ती लिहून काढायला निमित्त झालं एका प्रश्नाचं. लग्नाकार्यात भेटलेला प्रत्येक पाहुणा तो विचारतो: आतून वाटलं की घुसायचं, का साहेबाच्या शब्दाची वाट बघायची?

माझं प्रशिक्षण मुंबईला, कलिन्याला झालं. सहा महिन्यांचा कोर्स. सुरुवातीला कळेना, आपण आग विझवायला आलोय का पोलीस भरतीला. पहाटे परेड, शिट्टीवर होज, म्हणजे पाण्याचा पाईप, उलगडायचा, शिट्टीवर गुंडाळायचा, शिडी खांद्यावर, शिडी खाली. गावाकडनं आलेली आम्ही पोरं, पंचगंगेत पुलावरून उड्या मारून मोठी झालेली. आम्हाला हे सगळं बायकी वाटायचं. (तेव्हा असं बोलायचो. पुढच्या बॅचांत मुली आल्या आणि तो शब्द आपोआप बंद झाला.)

मग धुराच्या खोलीत पाठवलं. पाठीवर बीए सेट, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबानं भरला की त्यात १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर लागते असं धरलं तर कागदावर ४५ मिनिटं होतात. जिना चढून, पाईप ओढून, छाती धडधडत असताना ती तेवढी पुरत नाही, आणि शेवटी थोडी हवा उरली की शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजायच्या आत बाहेर असायचं, हा नियम. आत जाताना आपली टॅली, म्हणजे नावाचा बिल्ला, दारावरच्या माणसाकडे द्यायची. तो बोर्डावर नाव, दाब, वेळ लिहितो आणि तू कधी बाहेर दिसला पाहिजेस याचा हिशेब मांडतो, कारण आत गेलेल्याला वेळेचं भान राहत नाही.

आत काळोख म्हणजे डोळे मिटल्यावर दिसतो त्याहून काळा. एक हात भिंतीला, दुसरा तोंडासमोर, आणि तोही पालथा. उघडी तार लागली तर हात झटक्यानं आखडतो. तळवा पुढं असेल तर मूठ तारेवरच आवळते, पालथा असेल तर हात आपल्याकडं येतो. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, वजन मागच्या पायावर ठेवून. आम्हा दोघांना पोत्याची बाहुली शोधून आणायची होती. आम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, हे नंतर कळलं. तेवढ्यात दोरीला झटके बसले: बाहेर या. आलो. माझा जोडीदार मास्क काढताच भडकला, दोन फूट आणखी गेलो असतो तर सापडली असती. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "दोन फूट पुढं काय होतं हे तुला आत्ता दिवे लावल्यावर कळलं."

ते वाक्य तेव्हा मला पटलं नाही. वाटलं, हे बाहुलीपुरतं ठीक आहे.

दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही ज्यांना मानवंदना देतो त्यांची गोष्टही तिथंच नीट ऐकली. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकत्र. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की मधल्या दोन तासांत जहाजाचे कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराची माणसं, अग्निशमन दल, सगळे तिथंच होते. जहाज जागेवर बुडवायचं, ओढून समुद्रात न्यायचं, की उभ्या उभ्या विझवायचं, यावर मतं सगळ्यांकडं होती. शेवटचा शब्द एकाकडंही नव्हता. जवान मात्र पाणी मारत राहिले.

हुकमाची साखळी नको म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगतो. पण साखळी म्हणजे नुसतं वरनं खाली येणारं काहीतरी, असं समजणाऱ्यांनाही एक सांगायची असते. ती माझी स्वतःची आहे.

एका पेठेत गाद्या आणि फोमचं गोडाऊन होतं. रात्रीची वर्दी. शटर बंद, आत आग, मालक रस्त्यावर डोकं धरून ओरडतोय, "शटर तोडा वो, लाखाचा माल हाय आत." आमच्यातला एकजण कटर घेऊन तयार. मी ब्रँच, म्हणजे पाईपाचं तोंड, धरून शटरसमोर जरा बाजूला गुडघ्यावर बसलेला. साहेब उभे राहून मालकाकडून आतली मांडणी समजून घेत होते. शटरचा रंग वरच्या भागात फोड येऊन सोलत होता. आणि खाली, शटर आणि फरशीच्या फटीतून, पिवळट तपकिरी धूर बाहेर पडत होता. बाहेर यायचा, क्षणभर थांबायचा, आणि परत आत जायचा. रस्त्यावरचा कागदाचा एक कपटाही फटीकडं सरकला.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. का, ते त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी ओरडलो, "साहेब, धूर आत ओढतोय!"

साहेबांनी एकदा वाकून बघितलं. "कटर बंद. सगळे बाजूला व्हा, समोर कोण नको." दोघांना मागच्या गल्लीतून वर चढवलं, पत्र्याचे दोन तुकडे उचकटले. वरच्या भोकातून आधी धूर, मग पुरुषभर उंचीची ज्वाळा भसकन बाहेर आली. तिथूनच पाण्याचा फवारा आत सोडला, आतलं तापमान खाली आणलं, आणि बऱ्याच वेळानं शटर बाजूनं कापलं. आतल्या आगीला हवा कमी पडत होती. फोम जळून तयार झालेला तापलेला वायू न पेटता कोंडून राहिला होता आणि फटीतून हवा मागत होता. शटर समोरून उघडलं असतं तर ती हवा एकदम मिळाली असती आणि सगळा कोंडलेला वायू एका दमात पेटून आमच्या तोंडावर आला असता. पुस्तकात याला बॅकड्राफ्ट म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांसाठी मी तो लिहिलेला होता. जागेवर मात्र तो शब्द आठवला नाही, नुसते केस उभे राहिले.

नंतर चहा पिताना साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुणी बघितलं रं पहिलं?" मी हात वर केला. "बरं केलंस," एवढंच म्हणाले. पण माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. साहेब माझ्याहून वीस वर्षं जुने, तरी त्यांना दिसलं नाही, कारण ते उभे होते. मला दिसलं, कारण मी गुडघ्यावर होतो. मला दिसलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं तर उपयोग शून्य होता, आणि मी एकट्यानंच उठून पळालो असतो तर कटरवाला तिथंच राहिला असता.

आता ते "आतून वाटणं" म्हणजे काय, यावर थोडं. आमच्यात काहीजण त्याला अंबाबाईची कृपा म्हणतात, माझी ना नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांच्या भरपूर मुलाखती घेतल्या. त्यांना वाटलं होतं, हे लोक दोन-तीन पर्याय पटापट ताडून बघत असतील. निघालं असं की बहुतेकजण पर्याय ताडतच नाहीत. समोरचं चित्र आधी बघितलेल्या कुठल्या तरी चित्राशी जुळतं आणि पहिलं जे सुचतं ते मनातल्या मनात एकदा चालवून बघून तेच करतात. त्यांनी नोंदवलेला एक किस्सा आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एक अधिकारी जवानांना घेऊन घरात शिरला. स्वयंपाकघरात आग, पाणी मारतायत, पण आग दाद देत नाही. खोली नको तितकी गरम, आणि आगीच्या मानानं फारच शांत. त्याला काय खटकलं ते कळलं नाही, पण त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. पाठोपाठ ते उभे होते ती जमीन खचली. मूळ आग खाली तळघरात होती. त्या अधिकाऱ्याला वाटत होतं की आपल्याला काहीतरी दैवी शक्ती आहे.

मला या किश्श्यात दुसरंच महत्त्वाचं वाटतं. तो "बाहेर" म्हणाला आणि सगळे त्याच क्षणी बाहेर पडले. "का साहेब?" असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

याच्या उलट घडलेलंही आहे. ते ऐकलं तेव्हा मला आमच्याकडच्या उसाच्या आगी आठवल्या. करवीर-शिरोळकडं फडाला आग लागली, वारं असलं, की म्हातारी माणसं पाणी आणायला धावत नाहीत. आगीच्या पुढचा पट्टा तोडून टाकतात, नाहीतर मुद्दाम पेटवतात, म्हणजे आग तिथं आल्यावर तिला खायला काही उरत नाही. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या दरीत वणवा विझवायला विमानातून उतरलेल्या तुकडीच्या मागं आग लागली. गवताचा चढ, आग माणसापेक्षा वेगानं वर येणारी. तुकडीचा प्रमुख वॅग डॉज यानं काडी ओढून समोरचंच गवत पेटवलं, जळालेल्या जागेत पालथा पडला आणि बाकीच्यांना हाका मारल्या, इकडं या. एकही गेला नाही. आग मागं लागलेली असताना साहेब पुढं आणखी एक आग लावतोय, हे कुणाला शहाणपणाचं वाटेल? तेराजण मेले. डॉज वाचला, आणि कडा गाठलेले आणखी दोघे. डॉजचं आतून आलेलं बरोबर होतं, हुकूमही त्यानं दिला होता. पण त्याचा शब्द ऐकून आपोआप पाय वळावेत इतकी ओळख त्या पोरांची त्याच्याशी नव्हती. ती ओळख काय परेडच्या मैदानावर आणि चहाच्या टपरीवर होते तेवढीच. कलिन्याची पहाटेची शिट्टी मला इतक्या वर्षांनी तिथं समजली.

ओळख तोडायला मात्र वेळ लागत नाही. एका अधिकाऱ्यांच्या हाताखाली मी काही काळ काम केलं. कुठल्या गावचे, कुठल्या दलातले ते सोडा. त्यांचं एकच पालुपद: "तोंड बंद, पाईप धर." माणूस कामाला वाईट नव्हता. पण त्यांच्या गाडीवरची पोरं हळूहळू मुकी झाली. एकदा वर्दीवर त्यांनी एका हायड्रंटवरून, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या नळावरून, पाणी घ्यायला सांगितलं. त्याला कितीतरी दिवस पाणी नव्हतं, ड्रायव्हरला ते माहीत होतं. मागच्या खेपेला काहीतरी सुचवलं म्हणून त्याचा सगळ्यांसमोर पाणउतारा झाला होता. त्यानं गाडी मुकाट्यानं तिथं नेऊन लावली, होज जोडले, चावी फिरवली. हवा आली. नंतर मी विचारलं, "मामा, सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "मला बोलायला पगार न्हाई."

२०१९च्या महापुरात मी फायरमनच होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, चिखली-आंबेवाडीला गावंच्या गावं वेढलेली. आग आपल्याला सवयीची, पाणी तसं नव्हतं. बोटीवर किती माणसं घ्यायची तो आकडा ठरवून दिलेला होता. आधी लाइफ जॅकेट, मग माणूस, सामान नाही, जनावर नाही. एका खेपेला एक आजी आकड्याच्या बाहेर राहिली. मुलगा आधी बोटीत चढलेला, तो खाली उतरायला बघतोय, ती त्याला माडीवरून ओरडतेय, "जा रं तू, मी येती मागनं." एक माणूस, तोही चाळीस किलोचा. माझे हात शिवशिवत होते. बोट बुडेल असं मला अजिबात वाटत नव्हतं, आणि त्या एका माणसानं ती कदाचित बुडलीही नसती. पण आजीला घेतलं की शेजारच्या माडीवरचे दोघे का नाही? आजी पुढच्या खेपेला आली. मुलगा तोपर्यंत काठावर उभा राहून आम्हाला जे बोलायचं ते बोलत होता. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. घाबरलेल्या लोकांनी एकमेकांना वर घेतलं, त्यात कुणाचं मन वाईट नव्हतं.

पण याच पुरात वरून आलेला हुकूम बदलावाही लागला. आम्हाला ज्या गल्लीतून बोट न्यायला सांगितलं होतं, तिथं एका कुंपणाच्या भिंतीपाशी पाणी जोरात ओढत होतं. हे आम्हाला कळलं नाही, आमच्याबरोबर आलेल्या तिथल्याच एका पोराला कळलं. "हितं पावसाळ्यात आमचं बैल बी ऊभं ऱ्हात न्हाई, साहेब." तांडेलनं तिथूनच फोन लावला, वाट बदलून घेतली. पाच मिनिटं गेली. नकाशा बघून हुकूम देणाऱ्याची चूक नव्हती, नकाशात ओढ दिसत नाही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी कामावर नव्हतो. फोन आला, गाडी काढली, खासबागेपाशी पोचलो. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं नाट्यगृह, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि ज्वाळा छतातून वर. मोठमोठी माणसं रस्त्यावर रडत होती. मी तिथं पहिलं नाटक आजोबांच्या मांडीवर बसून बघितलं. माझ्याकडं ना हेल्मेट, ना सेट. तरी पाय आत ओढत होते. ओळखीचे जवान दिसत होते, "या की" म्हणणारेही होते. आपल्या मनानं जाऊन कुठल्या तरी पाईपाला हात लावायचा, याला आमच्यात फार वाईट समजतात, कारण तू आत आहेस हे कुणाच्याच हिशेबात नसतं. मी तिथल्या अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं, मी आलोय. त्यांनी एकदा बघितलं आणि गर्दी हटवून टँकरला वाट मोकळी करायला लावली. रात्रभर मी तेच केलं. लोक मला ढकलत होते, "तुम्ही फायरवालं ना, मग हितं काय करताय?"

बढतीनंतर सगळ्यात जड काय गेलं, तर बाहेर उभं राहणं. आत जाणाऱ्याला भीती असते पण हातात काम असतं. बाहेरच्याला जिना, गॅस, वीज, पाणी किती उरलं, आत कोण, किती वेळ, सगळं एकदम डोक्यात धरायचं असतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१०च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, एका माणसाच्या हाताखाली थेट पाचजण असले तर उत्तम. वाचताना हा आकडा सरकारी वाटला होता. सहावा माणूस एकाच वेळी काहीतरी विचारायला लागला की तो खरा वाटतो. आणि आमच्यात अधिकाऱ्यानं पुढं असायचं अशी जुनी रीतही आहे. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई दलाच्या प्रमुखांसह चार अधिकाऱ्यांना जीव गमवावा लागला. ती बातमी आली तेव्हा आमच्या स्टेशनात कुणी जेवलं नाही. त्यांच्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. मी फक्त एवढं बघतो की मी आत गेलो तर माझ्या जागी बाहेर कोण आहे.

तर मुख्य हुकूम माझ्याकडं असलेली एक अलीकडची वर्दी. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वयंपाकघरात १४.२ किलोची टाकी, रेग्युलेटरपाशी ज्वाळा. अशा टाकीची ज्वाळा पटकन विझवायची नसते; वाल्व बंद करता येत नसेल तर विझल्यावर गॅस सुटतच राहतो, तो हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि दुसऱ्या ठिणगीची वाट बघतो. टाकी थंड करत राहायची. एक लाईन, म्हणजे पाण्याचा एक पाईप, त्यावर लावली होती. हॉलमध्ये धूर छातीपर्यंत उतरलेला. घरातली दोन्ही माणसं खाली रस्त्यावर, "आत कोण न्हाई." दुसरी लाईन अजून पाण्यानं भरायची होती.

तेवढ्यात आमच्यातलं सगळ्यात नवं पोरगं इमारतीच्या मागनं पळत आलं. "साहेब, बाथरूमचा पाईप वाहतोय." मी म्हटलं, म्हणजे? "तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमच्या पाईपातनं पाणी पडाय लागलंय. धारच हाय. आत कोणतर आसंल." मालकाला विचारलं, बाथरूममध्ये कोण? तो गडबडला. "कामाच्या मावशी... त्या गेल्या असतील." गेल्या असतील.

पोरगं निघालंच होतं. मी म्हटलं, दुसरी लाईन भरू दे, सेट घाल, जुन्या गड्याबरोबर जा, टॅली दे. त्याला दीड मिनिट लागलं असेल. ते दीड मिनिट त्या पोरानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मला ओळखीची होती. पुराच्या पाण्यातल्या त्या बोटीवर मी तांडेलकडं तसाच बघत होतो. दोघे गेले, भिंत धरून बाथरूम गाठलं. नळ उघडा, बादली भरून वाहतेय, आत कुणी नाही. मावशी तासभर आधीच घरी गेल्या होत्या. टाकी थंड झाली, वाल्व बंद झाला, आग स्वयंपाकघराबाहेर आली नाही.

परत आल्यावर पोरगं खट्टू झालं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, पाईपाकडं बघायचं तुला कुणी शिकवलं? कुणी नाही म्हणाला, आमच्या चाळीत मोटर चालू राहिली की असंच पाणी पडतंय. मी त्या दिवसापासून चक्कर मारताना पाईप बघतो. मग तो म्हणाला, "पण साहेब, खरं सांगतो, तुम्ही नको म्हटला असता तरी मी गेलो असतो."

मी काही बोलायच्या आत जुना गडी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "तू आत ऱ्हाइलास तर मला यावंच लागतंय तुला आणायला. मला इचारलंस का?"

पोरगं गप्प झालं, पण पटलंय म्हणाला नाही. दोन दिवसांनी परत तोच विषय काढला. मावशी खरंच आत असत्या तर? मी म्हटलं, दीड मिनिटानं गेलाच असतास की. तो म्हणाला, "धुरात दीड मिनिट लई असतंय, साहेब."

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सध्या रोज सकाळी आम्ही फक्त दुसरी लाईन भरायचं आणि सेट चढवायचं ड्रिल घेतोय. घड्याळ त्या पोराच्याच हातात दिलंय. काल सव्वा मिनिटावर आलो, तरी म्हणतोय, अजून लई हाय.